पश्चिम अमेरिकेची सहल : पावले जपून, डोळे भरून

फाल्गुन सरत आला की माझ्या दवाखान्यात एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. अमेरिकेतील मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आई-वडील सहा महिन्यांच्या औषधांची यादी घेऊन समोर बसतात. विमानप्रवास, तिकडची थंडी, विमा यांविषयी ते बारकाईने विचारतात. मात्र मुले सुट्टी काढून त्यांना ज्या सहलीला नेणार असतात, तिच्याविषयी सहसा कोणी विचारत नाही. वसंत ऋतूत ही सहल अनेकदा पश्चिमेची असते : लास व्हेगासहून मोटारीने ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस कॅन्यन, किंवा कॅलिफोर्नियातील योसेमिटी.

काही वर्षांपूर्वी माझे ७४ वर्षांचे एक रुग्ण अशाच सहलीवरून परतले. त्यांचे हृदय थोडे कमजोर होते व त्यासाठी लघवी वाढविणारी, म्हणजे ‘पाण्याची’ गोळी चालू होती. सहलीच्या चौथ्या रात्री त्यांना आडवे पडता येईना, इतका दम लागला. रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ते बरे झाले. भेटीस आले तेव्हा त्यांनी मोबाइलवरील छायाचित्रे मला क्रमाने दाखविली. पहिल्या दिवशी सँडलचे पट्टे सैल होते. तिसऱ्या दिवशी तेच पट्टे सुजलेल्या पावलांत रुतले होते. चेहऱ्यावर हसू मात्र प्रत्येक चित्रात सारखेच. “वारंवार गाडी थांबवावी लागू नये म्हणून गोळी बंद ठेवली होती,” ते म्हणाले. “मुलाने मोठ्या हौसेने सुट्टी काढली होती. त्याचा विरस कशाला?”

त्या छायाचित्रांत सारे दिसत होते, पण पाहणाऱ्याची नजर मागच्या दरीवर होती.

म्हणून आज सहलीची आखणी मी छायाचित्रणाच्याच अंगाने सुचविणार आहे. चांगल्या छायाचित्राचे आणि उतारवयाचे वेळापत्रक एकच असते. ग्रँड कॅन्यनवर भरदुपारी ऊन डोक्यावर आले की दरीचे थर सपाट आणि फिके दिसतात. सकाळी व सायंकाळी तिरपे ऊन पडते, सावल्या लांबतात आणि दरीची खोली डोळ्यांना जाणवते. तेव्हा सकाळचे दोन तास व सायंकाळचे दोन तास बाहेर, आणि मधली दुपार जेवण, औषध व विश्रांतीसाठी, असा दिवस आखावा. छायाचित्रही उत्तम येते आणि गुडघेही कुरकुरत नाहीत.

आता ठिकाणांकडे वळू. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ वर्षभर खुला असतो. मेदर पॉइंट व यावापाई पॉइंट या दोन जागांच्या परिसरात काठाची वाट फरसबंद आहे. थोडे चालावे, बाकावर बसावे, पुन्हा चालावे. ज्यांना चालणे अवघड आहे, त्यांच्यासाठी सुमारे चाळीस किलोमीटरचा डेझर्ट व्ह्यू रस्ता मोटारीतून पाहता येतो. एरवी खासगी गाड्यांना बंद असलेल्या काही रस्त्यांवर जाण्याचा परवाना अशा व्यक्तींना उद्यानाकडून मिळू शकतो. तो मागण्यात कमीपणा मानू नये.

झायनमध्ये नदीकाठची पारूस वाट सपाट व फरसबंद आहे. एप्रिलमध्ये तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी कॉटनवुड वृक्षांना कोवळी हिरवी पालवी फुटलेली असते. ब्राइस कॅन्यनमध्ये सनराइज व सनसेट पॉइंट यांना जोडणारी फरसबंद वाट एक किलोमीटरहूनही कमी आहे, आणि खालचे दगडी सुळके सकाळच्या उन्हात आतून उजळल्यासारखे दिसतात. योसेमिटीत मे महिन्यात बर्फ वितळून धबधबे ऐन भरात असतात. आपल्या सह्याद्रीला जे रूप श्रावणात येते, ते तिथे वैशाखात. टनेल व्ह्यू येथून ते सारे खोरे गाडीतळाशेजारूनच दिसते. हॉर्सशू बेंडची वाट मात्र जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटरची, सावली जवळजवळ नसलेली. तिथे जायचे की नाही, ते त्या दिवशीच्या दमावर ठरवावे.

या सहलीत शरीराला तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली, उंची. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २१०० मीटरवर, आणि ब्राइसचा काठ २४०० मीटरच्याही वर. लास व्हेगासच्या सहाशे मीटरवरून निघालेली मोटार काही तासांत तिथे पोहोचते. आपण चढलेलो नसतो, म्हणून उंची लक्षात येत नाही. विरळ हवेत पहिल्या दिवशी डोके दुखणे, झोप न लागणे, लवकर दम लागणे संभवते. तेव्हा झायनसारख्या कमी उंचीच्या जागी आधी मुक्काम करावा आणि वर पोहोचल्यावर पहिला दिवस सावकाश घालवावा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

दुसरी, कोरडेपणा. तिथे घाम येताक्षणी सुकतो, त्यामुळे पाणी कमी पडल्याचे समजत नाही. त्यातच स्वच्छतागृहाच्या चिंतेने आपण पाणी पिणे टाळतो. पाण्याच्या गोळ्या आणि मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या शरीरातील पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. अशा वेळी बाकावरून चटकन उठताना भोवळ येऊ शकते, आणि समोर दरी असते. गोळी स्वतःहून बंद करू नये; सहलीत ती कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. पाण्यावर मर्यादा घातलेल्या रुग्णांनी तीही विचारून घ्यावी. सोबतचे लोणचे, पापड, वेफर्स यांतील मीठ विसरू नये.

तिसरी, तापमान आणि वेळ. या पठारावर एप्रिलमध्येही पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि वाटेवर बर्फाचा पातळ थर असू शकतो. सूर्योदय पाहायचाच असेल तर पकड असलेले बूट व काठी हवी. अॅरिझोना राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही. शेजारचे यूटा राज्य पाळते, आणि अॅरिझोनातलाच नवाहो लोकांचा प्रदेशही पाळतो. त्यामुळे मोबाइलचे घड्याळ वाटेत एक तास पुढे-मागे होते. गोळी घेतली की राहिली, हा गोंधळ टाळण्यासाठी वारांचे खण असलेली डबी वापरावी. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

आता घरातील तरुण मंडळींसाठी चार शब्द. आई-वडिलांना काठावर उभे करून “थोडे मागे सरका” असे कधीही म्हणू नका. मागे सरायचे असेल तर ते छायाचित्र काढणाऱ्याने, तेही मागे पाहून. त्यांना कठड्याच्या आत बाकावर बसवा आणि मोबाइल त्यांच्या हाती द्या. एकाच कड्याचे दर दहा मिनिटांनी एक, अशी सहा चित्रे त्यांना काढू द्या. ऊन कसे सरकते, हे त्यांच्याइतक्या निवांतपणे पाहणारा तुमच्या घरात दुसरा नाही. त्यांची औषधे व निदान यांच्या कागदाचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यात औषधांची मूळ नावे असावीत, कारण आपल्याकडील कंपन्यांची नावे तिथल्या डॉक्टरांना उमगत नाहीत. विमा आधीपासूनच्या आजारांना लागू आहे का, हे वाचून पाहा. आणि रोज रात्री एक छायाचित्र त्यांच्या पावलांचेही काढा. सूज वाढत असेल, किंवा झोपताना जास्त उशी लागू लागली असेल, तर सहल तिथेच थांबवून डॉक्टर गाठा. रात्री बसूनही दम लागत असेल तर सकाळची वाट पाहू नका, ९११ क्रमांकावर फोन करा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यासाठी एकच विनंती. गाडी थांबवायला सांगितल्याने मुलांचा विरस होत नाही. त्यांनी सुट्टी काढली आहे ती दरीसाठी नव्हे, तुमच्यासाठी. माझ्या त्या रुग्णांचा मुलगा मला फोनवर म्हणाला होता, “डॉक्टर, बाबांनी एकदा जरी सांगितले असते, तरी मी शंभर वेळा गाडी थांबवली असती.”

तेव्हा सांगा. दहापैकी चारच ठिकाणे पाहून होतील. ती डोळे भरून पाहा.