तारुण्यपिटिका, आम्ले आणि आपली अनास्था

वसमत तालुक्यातील हट्टा हे काही आडरानातले खेडे नव्हे. तेथे पोलीस ठाणे आहे, शाळा आहेत, औषधांची दुकाने आहेत, आणि आता घरोघरी मोबाइलही पोहोचला आहे. या गावातील, किंवा मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावातील, दहावी-बारावीच्या मुलीच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या तर तिने सल्ला कोणाचा घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आजी लिंबू चोळावयास सांगते. मैत्रीण दुकानातून एखादी नळी आणून देते. मोबाइलच्या पडद्यावरील कोणी गोडबोली बाई ‘सॅलिसिलिक’, ‘ग्लायकॉलिक’ अशी भारदस्त नावे घेऊन अमुक एक बाटली मागवा म्हणून सांगते. डॉक्टरला दाखव, असे मात्र सहसा कोणी सुचवीत नाही. आणि सुचविले तरी त्वचारोगतज्ज्ञ गाठावयाचा म्हणजे साधारणतः परभणीची किंवा नांदेडची वाट धरावी लागते. एक दिवसाची मजुरी, दोघांचे भाडे आणि डॉक्टरची फी एवढा खर्च ‘चार फोडांसाठी’ करण्याची तयारी कोणत्या घरात असणार?

तेव्हा बाटली घरात येते. तिच्यावर ‘ॲसिड’ हा शब्द वाचला की आईच्या डोळ्यांपुढे न्हाणीघराची फरशी घासण्याची बाटली उभी राहते आणि ती घाबरते. मुलगी हसते, कारण तिने मोबाइलवर शंभर जणींना ते तोंडाला लावताना पाहिलेले असते. वस्तुतः आईची भीती जितकी अज्ञानातून आलेली, तितकाच मुलीचा विश्वासही अज्ञानातून आलेला आहे. दोघींनाही जे कळावयास हवे ते त्या बाटलीवर बारीक इंग्रजी अक्षरांत दडलेले असते, आणि ते समजावून सांगणारा माणूस मधे कोठेच नसतो. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

तारुण्यपिटिका हा रोग आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तो अस्वच्छतेचा परिणाम नाही, आणि तोंड दहा वेळा साबणाने धुतल्याने तो जात नाही. वयात येताना शरीरातील संप्रेरके बदलतात, त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल सोडू लागतात, मृत पेशी रंध्राच्या तोंडाशी साचून ते बुजवितात, आणि आत कोंडलेल्या तेलावर त्वचेवरचेच जंतू पोसले जाऊन दाह होतो. हा क्रम मुलांत आणि मुलींत सारखाच आहे. फरक असा की मुलाच्या चेहऱ्यावरील फोड त्याच्या वयावर घातले जातात, आणि मुलीच्या चेहऱ्यावरील फोड तिच्या लग्नाच्या काळजीत जमा होतात. पाहावयास येणाऱ्या मंडळींच्या भीतीनेच निम्म्या नळ्या विकल्या जात असाव्यात.

आम्लांनी चेहऱ्यावर उपचार करणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. आंबलेल्या दह्यात लॅक्टिक आम्ल असते. ग्लायकॉलिक आम्ल उसात आढळते, आणि वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या या भागात कोणाला नव्या आहेत? सॅलिसिलिक आम्लाचे मूळ विलो वृक्षाच्या सालीत आहे, आणि जर्मनीत १८७४ पासून ते कारखान्यात तयार होऊ लागले. आपल्या सरकारी दवाखान्यांतून नायट्यासाठी पिढ्यानपिढ्या दिल्या गेलेल्या व्हिटफिल्डच्या मलमात हेच आम्ल ३ टक्के असते. ते तेलात विरघळते, म्हणून तेलकट रंध्रात शिरून तेथे साचलेला थर सैल करू शकते. ग्लायकॉलिक आम्ल त्वचेच्या वरच्या मृत पेशींची घट्ट वीण उसवते. यात जादू नाही आणि भोंदूपणाही नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीने २०२४ साली मुरुमांच्या उपचाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड वर्गातील मलमांची जोरदार शिफारस आहे, आणि सॅलिसिलिक आम्लाची शिफारस आहे ती सशर्त. म्हणजे सौम्य मुरुमांवर ते उपयोगी पडू शकते, परंतु ते रामबाण नव्हे. जाहिरातीत नेमके हेच सांगितले जात नाही.

सारा प्रश्न मात्रेचा आहे. मुरुमांसाठी चिठ्ठीविना विकावयाच्या सॅलिसिलिक आम्लाची मर्यादा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अर्धा ते दोन टक्के अशी ठरविली आहे. पायाच्या भोवरीवर लावावयाच्या पट्टीत हेच आम्ल ४० टक्के असते. नाव एकच, दुकान एकच, कित्येकदा फळीही एकच. ग्लायकॉलिक आम्लाचेही तसेच. घरी वापरावयाच्या प्रसाधनात ते दहा टक्क्यांपलीकडे असू नये, असे तेथील तज्ज्ञसमितीने १९९८ मध्येच सांगून ठेवले आहे. आणि तरीही कातडे सोलून काढणारी कडक द्रावणे घरबसल्या मागविता येतात. जुलै २०२४ मध्ये त्याच प्रशासनाला अशी द्रावणे वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नका, असा जाहीर इशारा द्यावा लागला.

हट्ट्याच्या शेतकऱ्याला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज पडू नये. हळदीवर किंवा कापसावर फवारा मारताना औषधाचे माप दुप्पट केले तर कीड दुपटीने मरत नाही, पान करपते, हे तो अनुभवाने जाणतो. पंपात टाकावयाच्या औषधाचे झाकण मोजणाऱ्या या माणसाच्या घरात त्याची मुलगी मात्र चेहऱ्यावर लावावयाचे औषध अंदाजाने, दिवसातून तीनदा, एकावर एक थर देऊन लावते. आठ दिवसांत गुण दिसला नाही की त्याहून कडक बाटली आणते. या औषधांचा परिणाम दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

यापुढे जे घडते ते अधिक गंभीर आहे. आम्लाने त्वचेचा वरचा थर पातळ झाला की ऊन अधिक बोचते, आणि मराठवाड्याचे ऊन हे काय प्रकरण आहे ते सांगावयास नको. गोऱ्या कातडीच्या देशांत अशी त्वचा लाल होते आणि काही दिवसांत पूर्ववत होते. आपली सावळी त्वचा दाहाला काळा डाग उमटवून उत्तर देते, आणि तो डाग महिनोन्महिने जात नाही. लिंबू चोळून उन्हात गेल्यासही हीच गत होते, कारण लिंबाच्या रसातील आम्लाबरोबर उन्हात त्वचा भाजविणारी द्रव्येही असतात. ‘घरगुती’ म्हणून लिंबाला निरुपद्रवी समजणे चुकीचे आहे. फोड चार दिवसांचा होता, डाग चार महिन्यांचा झाला. आणि मग मुलगी पुन्हा त्याच दुकानात जाऊन फोडाचे औषध मागत नाही, डाग घालविण्याचे आणि गोरे होण्याचे औषध मागते.

येथे आम्लाची कथा संपून स्टेरॉइडची सुरू होते. डाग घालविणाऱ्या म्हणून खपणाऱ्या कित्येक नळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. ते लावताच दाह शमतो, चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि घरातले खूष होतात. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, तिच्याखालील रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, नवे फोड येतात. औषध थांबविले तर आग होते, म्हणून ते थांबविता येत नाही. देशातील १२ त्वचारोग केंद्रांत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत असल्याचे आढळले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सतत पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, अशी अधिसूचना काढली. अधिसूचना निघाली, तिची अंमलबजावणी किती होते, याची परीक्षा कोणत्याही नागरिकाने गावच्या दुकानात जाऊन स्वतः घ्यावी.

स्टेरॉइडच्याही पलीकडचा धोका आहे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तिघीही एकच गोरे करणारे मलम वापरीत होत्या, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ते तपासले असता त्यात पारा निघाला. अकोला हट्ट्याहून फार दूर नाही. चेहऱ्यावर लावलेले औषध चेहऱ्यावरच राहते, या समजुतीचा फोलपणा याहून स्पष्टपणे कसा दाखवावा?

तर मग ही आम्ले बंद करावीत काय? आम्हांला तसे वाटत नाही. दोन टक्क्यांचे सॅलिसिलिक आम्ल किंवा अडीच टक्क्यांचे बेन्झॉइल पेरॉक्साइड ही गरिबाला परवडणारी, माफक गुणाची औषधे आहेत. त्यांवर बंदी घातली तर गिऱ्हाईक थेट त्या स्टेरॉइडच्या नळीकडे वळेल. औषध कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी. मग रात्री, एक दिवसाआड, थोडे लावावे. दोन-तीन आम्ले एकत्र करू नयेत. दिवसा उन्हाचे मलम लावावे, ते परवडत नसेल तर शेतात जाताना ओढणीने चेहरा झाकावा. अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजले किंवा श्वास लागला तर औषध तत्काळ बंद करून दवाखाना गाठावा. फोड खोल व दुखरे असतील, व्रण पडत असतील, अथवा पाळी अनियमित असेल तर दुकानाचा नाद सोडून डॉक्टरकडे जावे. एवढे ज्ञान पोस्टकार्डावर मावेल. ते मराठीत छापून बाटलीबरोबर का मिळू नये?

कोणी म्हणेल, जेथे बाळंतिणीसाठी वेळेवर गाडी मिळत नाही तेथे मुरुमांची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. किशोरवयीनांसाठी केंद्र शासनाने २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्याचा समावेश आहे. चेहऱ्याच्या लाजेने वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणारी, लग्नसमारंभ टाळणारी, आरशाशी वैर धरणारी मुलगी या विषयाच्या कक्षेत येत नाही काय? शिवाय तिच्या आजाराला स्वस्त औषध आहे, तज्ज्ञही आहेत. उणीव आहे ती त्यांना तिच्यापर्यंत पोहोचविण्याची.

हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला मिळावयास २०२४ साल उजाडले. पंचवीस वर्षांनी आलेल्या या संस्थेकडून जिल्ह्याने काही मागावे, हे योग्यच आहे. आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातील एका डॉक्टरने महिन्यातून एक ठरलेला दिवस वसमत तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसावे, आणि तो दिवस शाळांच्या फळ्यावर आधी लिहिला जावा. अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे गावोगावच्या दुकानांची तपासणी करून तिचा निष्कर्ष जाहीर करावा. चेहऱ्यावर लावावयाच्या प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर आम्लाचे नाव आणि टक्केवारी मराठीत, ठळक अक्षरांत असावी. यांपैकी पहिल्या गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही आणि मंत्रालयाची परवानगीही बहुधा लागणार नाही. लागेल ती एक जीप आणि एक डॉक्टर. हट्ट्याच्या शाळेच्या फळ्यावर त्या दिवसाची तारीख कधी लिहिली जाते, ते आम्ही पाहणार आहोत.