जाणारी वाट, येणारी वाट

मुलांनो,

दिवाळी झाली की आपल्या बारामती-इंदापूर भागातले रस्ते उसाने भरून जातात. भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, शिवाय बैलगाड्या. रात्रीसुद्धा ही रांग थांबत नाही. अशा वेळी कुणाचे बाबा, कुणाचे काका डेअरीला दूध घालून जुन्या मोटारसायकलवरून घरी येत असतात आणि गाडीचा मागचा लाल दिवाच लागत नसतो. मागून येणाऱ्याला ते दिसणार कसे? म्हणून तो एवढासा दिवा फार मोलाचा, बरं का!

दिवा बंद पडला की बहुतेक घरी काय होतं? आधी नवा बल्ब येतो. तरी उजेड नाही. मग कुणीतरी म्हणतं, "बॅटरी गेली असेल." बॅटरी बदलली, तरी अंधारच. शेवटी दोष निघतो एका गंजलेल्या बोल्टात! तो घासायला पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरला असता. पैसे गेले ते अंदाजापायी.

मग अंदाज न करता दोष शोधायचा कसा? आपला नीरा डावा कालवा डोळ्यांपुढे आणा. वीर धरणातून निघून तो बारामतीवरून इंदापूर तालुक्यात जातो. समजा, टेलला पाणी पोचलं नाही. तर धरणापासून एकेक पाऊल चालत कोण येईल? शहाणा माणूस आधी कालव्याच्या मध्यावर जाऊन बघेल. तिथे पाणी आहे? मग अडचण पुढच्या अर्ध्यात. नाही? मग मागच्या अर्ध्यात. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे.

मोटारसायकलच्या मागच्या दिव्याची वाट अशीच मोजा: बॅटरी, फ्यूज, चावीचं स्विच, दिव्याचं स्विच, हँडलजवळचा वायरचा जोड, सीटखालचा जोड, बल्बचा होल्डर आणि बल्ब. झाल्या आठ जागा. एकेक तपासत बसलात तर आठ तपासण्या. दर वेळी निम्मे बाद केले, तर आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. फक्त तीन!

तपासायला मेकॅनिक एक साधा दिवा वापरतात. गाडीच्या व्होल्टचा छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची, दुसरी ज्या जोडाचा संशय आहे त्याला टेकवायची. दिवा लागला, तर वीज तिथवर आली.

आता खरी गंमत पुढेच आहे. होल्डरपर्यंत वीज येते, बल्बही चांगला आहे, तरी दिवा लागत नाही. असं का?

कालव्यात आणि विजेत इथेच फरक आहे. कालव्याचं पाणी शेतात गेलं की काम झालं. वीज मात्र बॅटरीतून निघाली की तिला बॅटरीकडे परत यावंच लागतं. वाट पूर्ण झाली नाही, तर ती निघतच नाही! आणि मोटारसायकलला परतीची वाट म्हणून बहुतेक ठिकाणी वेगळी वायरच नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वायर. मेकॅनिक तिला 'अर्थ' म्हणतात. पावसाळ्यात मडगार्डखाली काळ्या मातीचा चिखल बसतो, बोल्ट गंजतो आणि ही वाट तुटते. वायरी सगळ्या धडधाकट दिसतात, म्हणून इकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तिची परीक्षा अगदी सोपी. एक सुटी वायर घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह आणि होल्डरचा धातूचा भाग जोडायचा. दिवा लागला? मग चोर सापडला! बोल्ट काढायचा, धातू चकाकेपर्यंत घासायचा आणि पुन्हा घट्ट बसवायचा. आणखी एक खूण सांगते. ब्रेक दाबला की दुसरेच दिवे मिणमिणायला लागले, तर अर्थ खराब असल्याचा संशय घ्या. नेहमीची वाट बंद झाल्यामुळे वीज भलत्याच बल्बातून परतायला बघते.

जुन्या राजदूत, येझदीसारख्या गाड्यांना गंजाचा त्रास जास्त, कारण त्यांतल्या अनेकांची बॅटरी ६ व्होल्टची असे. २१ वॉटचा ब्रेकचा दिवा ६ व्होल्टवर साडेतीन अँपिअर वीज घेतो. १२ व्होल्टवर त्याला पावणेदोन पुरतात. गंजलेल्या जोडाचा अडथळा अर्ध्या ओहमचा धरला, तर ६ व्होल्टच्या गाडीत जवळजवळ चौथा हिस्सा दाब तिथेच वाया जातो. १२ व्होल्टच्या गाडीत जातो सुमारे पंधरावा हिस्सा. हा हिशेब ज्यांच्या नियमाने होतो ते जर्मनीचे गेऑर्ग ओहम कोण होते, ठाऊक आहे? शाळेत गणित शिकवणारे गुरुजी! त्यांचं पुस्तक १८२७ साली निघालं.

करून बघा: टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि वायरी जोडून दिवा लावा. आता मध्ये एक चांगला गंजलेला खिळा घाला. दिवा मंद होतो की विझतो? मग वायर टेकते तिथे खिळा घासून पुन्हा बघा. काय दिसलं ते वहीत लिहा.

खऱ्या गाडीला मात्र मोठ्या माणसांबरोबरच हात लावायचा. स्पार्क प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, तिला शिवायचं नाही. बॅटरीची दोन टोकं एकमेकांना कधीच जोडायची नाहीत. आणि फ्यूज उडाला, तर त्याच्या जागी चांदी किंवा जाड तार घालायची नाही. पालकहो, हे तुमच्यासाठीही! फ्यूज स्वतः जळून गाडीला आग लागण्यापासून वाचवतो.

आज संध्याकाळी एवढंच करा. घरातल्या गाडीच्या मागे उभे राहा आणि बाबांना किंवा आईला दिवा लावून ब्रेक दाबायला सांगा. दोन्ही दिवे नीट लागले, तर छान. नाही लागले, तर बल्ब आणायला धावण्याआधी विचारा, "बाबा, परतीची वाट बघितली का?"

तुमच्या बाई