बाळगुटीतला हिरडा येतो कुठून?

सहाणेवर हिरड्याचे वेढे उगाळून बाळाला गुटी चाटवण्याची पद्धत शहरी घरांतून अजून गेलेली नाही. (पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हा डॉक्टरांचा सल्ला मात्र आधी पाळायला हवा.) त्रिफळा चूर्णाच्या डब्या तर दुकानोदुकानी मिळतात. त्यातला हिरडा कुणी उतरवला, हे डबीवर छापलेले नसते.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगरात, अनेक महादेव कोळी कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात जो रोख पैसा येतो तो बाळहिरड्याचा. आठळी टणक होण्याआधी कोवळे फळ उतरवायचे आणि काळे पडेपर्यंत उन्हात वाळवायचे. उशीर झाला की आठळी धरते, मग तो बाळहिरडा राहत नाही. झाडावर कधी चढायचे, हे ग्रंथात वाचून कळत नाही. रानभाज्यांचेही तेच. अळू आंबट घालून शिजवतात, कारण त्यातले कॅल्शियम ऑक्झलेट घशाला खाजवते. कडूकंद तर पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. रानभाजी महोत्सवाच्या पाट्यांवर गुणधर्म लिहिलेले असतात, ही खबरदारी क्वचितच.

या ज्ञानाचा मोबदला मिळावा म्हणून 2002 मध्ये जैवविविधता कायदा झाला. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या, म्हणजे संहिताबद्ध, पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपातून सूट दिली. हिरडा आयुर्वेदाच्या संहितांत आहेच. तेव्हा त्याचा औषधी वापर करणाऱ्याला या सुटीकडे बोट दाखवता येईल. ग्रंथ हिरड्याचे गुण सांगतो, पण तो झाडावर चढत नाही. ही सूट अन्यायाची आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने इथली हिरड्याची झाडे पाडली, मोडली. भरपाईसाठी लोकांना पुढे कित्येक वर्षे आंदोलने करावी लागली. कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात वनस्पतींच्या नावांपुढे तोडणीची वेळ, वाळवण्याची रीत, व्यापाऱ्याने दिलेला भाव आणि घरटी झाडांची संख्या लिहिली, तर पुढच्या वादळानंतर पंचनाम्याला येणाऱ्या तलाठ्यापुढे निदान एक कागद ठेवता येईल.