"दोन ठोके घाल, बसेल"

मागच्या रविवारी आमच्या सोनिवलीच्या गच्चीवर दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं लग्न लागलं. कायमचं. घटस्फोटाची सोय नाही.

झालं असं. दहा मीटर बँडसाठी फिरवता येणारा डायपोल करायचा होता. एका बाजूला जेमतेम अडीच मीटर लांबी, म्हणून एक इंची नळीत पाऊण इंचाच्या वरची, म्हणजे ७/८ इंची नळी सरकवायची. दुर्बिणीसारखी. अमेरिकन पुस्तकांत असंच दिलेलं असतं, फोटोसकट. गुलालवाडीतून नळ्या आणल्या, कापल्या आणि आतली नळी दारातच अडली. गच्चीवर आलेला मित्र (जुना हॅम, माझ्याआधी परवाना काढलेला, त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची सोय नाही) म्हणाला, "अरे, विचार कसला करतोस? तेल लाव, दोन ठोके घाल, बसेल." लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकलं. चार बोटं आत गेली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना. आता बोला!

मित्राचा राग नाही, हे आधीच सांगतो, कारण तो हे वाचणार आहे. पण "दोन ठोके घाल" या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि ते आज काढणार आहे.

संध्याकाळी मामा आले. मामा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले निवृत्त फिटर. त्यांनी नळीकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "मोजलं होतंस?"

नव्हतं मोजलं. घरात तीन सोल्डरिंग आयर्न आहेत, दोन मल्टिमीटर आहेत, अँटेना अ‍ॅनलायझर आहे. व्हर्निअर मामांच्या पिशवीतून निघाला.

मग हिशेब केला, तो असा. आपल्याकडे नळीची जाडी गेजमध्ये सांगतात. मी घेतली १६ गेजची, म्हणजे १.६३ मि.मी. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. त्यातून दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आतलं भोक उरतं साधारण २२.१५. आणि ७/८ इंच म्हणजे २२.२२५. आतली नळी बाहेरच्या नळीच्या भोकापेक्षा ०.०७५ मि.मी.ने जाड! माणसाच्या केसाइतका फरक. अमेरिकन पुस्तकातली नळी ०.०५८ इंच जाडीची, म्हणजे १.४७ मि.मी. तिचं भोक येतं २२.४५, त्यामुळे आतली नळी छान सरकते. मी १७ गेजची (१.४२ मि.मी.) मागितली असती तर तिसऱ्या हिश्श्याएवढ्या मिलिमीटरचा सैलसरपणा मिळाला असता. दुकानदाराने मागितलं ते दिलं. पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे. चूक कुणाची, हे लिहायला नको.

ठोकल्यावर अडकली का, तेही मामांनी सांगितलं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. घासून तो निघाला की आतला उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो, त्यातून कण निघतात, कणांनी ओरखडे पडतात, आणि शेवटी दोन नळ्यांची एक नळी होते. प्रत्येक ठोक्याने मी तिला बसवत नव्हतो, जोडत होतो.

"गरम करायची ना मग!" असं दोघांनी फोनवर सांगितलं. तोही हिशेब करून पाहिला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात साधारण २३ भाग वाढतं. बाहेरची नळी १०० अंशांनी जास्त तापवली तरी २२ मि.मी.चं भोक वाढतं फक्त ०.०५ मि.मी. लागणार होतं निदान ०.०७५, आणि सरकायला थोडी मोकळीक वर. शिवाय आतली नळी आत शिरताक्षणी स्वतःही तापणार. तर हेअर ड्रायरवाल्या सल्लागारांनो, ड्रायर बायकोला परत द्या. :-)

हे फक्त नळ्यांचं असतं तर मी ब्लॉगवर एवढा घसा फोडला नसता. आमच्या या छंदात ठोकणं हा धर्म झालाय. नॉबचंच घ्या. लष्करी भंगारातल्या जुन्या सेटच्या कंट्रोलचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक नॉबचं भोक ६ मि.मी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मग नॉब बसत नाही म्हणून पक्कड उलटी धरून टक टक. दांडा मागे सरकतो, आतली पत्ती वाकते, आणि महिनाभराने "कंट्रोल डुप्लिकेट निघाला, उल्हासनगरचा माल" म्हणून बोंब. उल्हासनगर इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्या नावावर काय काय खपवलं जातं ते आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण ०.३५ मि.मी.चा फरक उल्हासनगरने केलेला नाही. इंच आणि मिलिमीटर यांच्यातला तो फरक आहे. पितळी बुश असलेला नॉब १०० अंश तापवलात तरी भोक वाढेल जेमतेम ०.०१. तिथे हात-रीमरने किंवा ड्रिल सरळ धरून भोकच मोठं करायला हवं. पाच मिनिटांचं काम. गँग कंडेन्सरच्या दांड्यावर ठोकणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. त्याच्या पात्यांमधली फट पाहिली आहे का कधी?

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. आपल्याकडे अवजारं कुठे, आपण गरीब देशातले हॅम, आपला जुगाडच बरा. आणि लगेच बिटेक्सचं नाव. बरं झालं नाव घेतलंत. २००३ मध्ये हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्स ट्रान्सीव्हर तयार केला तो बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून. पुढच्या एका आवृत्तीत तर कॉइल नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळल्या! पण त्यात कुणी काही ठोकून बसवलेलं नाही. जे मिळतं ते आधी पाहून, मोजून मग त्याप्रमाणे सर्किट आखलं. याला जुगाड म्हणायचं असेल तर मी दोन्ही हात वर करतो. आपण मात्र आराखडा अमेरिकेचा घेतो, नळी गुलालवाडीची घेतो आणि मधला फरक हातोड्यावर टाकतो.

सगळाच घट्टपणा वाईट असं मात्र नाही, नाहीतर उद्या कुणी कॉमेंटमध्ये मला धरेल. पीएल-२५९ प्लगच्या मागच्या बाजूला आरजी-२१३ केबलचं आवरण घट्टच बसायचं असतं. आतले आटे त्या आवरणात रुततात, म्हणून तर केबल ओढली तरी निसटत नाही. तिथे "फार घट्ट जातंय" म्हणून आवरण तासणारे महाभाग आहेत. साबणाचा ओला हात फिरवा, प्लग धरा, केबल सरळ ठेवून सावकाश पिळत आत न्या. घट्ट असायला हवं कुठे आणि सैल कुठे, हे आराखडा करणाऱ्याने ठरवलेलं असतं. पुढची कडी मात्र दोन बोटांनी फिरली पाहिजे. पहिल्या आट्यालाच जोर लागत असेल तर ती तिरकी चढतेय, बस्स. काढा आणि पुन्हा लावा.

हे इतक्या चिडून लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या जुन्या व्हीएचएफ अँटेनाची कडी मी अशीच तिरकी चढवली होती. पान्याने. "बसली एकदाची" म्हणून वर टेप गुंडाळली आणि विसरलो. मग आली २०१९ ची २६ जुलैची रात्र. (२००५ ची २६ जुलै बदलापुरात कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे पाऊस वाढला की आमच्याकडे सगळे जागेच असतात.) उल्हास नदी पात्र सोडून वर आली, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. पहाटे मी सेट चालू केला. ऐकू येत होतं, खरखरत. पीटीटी दाबलं तर एसडब्ल्यूआरचा काटा तीनच्या पुढे आणि सेटने आपणहून पॉवर कमी केली. कडी तिरकी, म्हणून फट. फट म्हणून पाणी. पाणी थेट केबलच्या जाळीत.

माझ्यावाचून काही अडलं नाही. एनडीआरएफ, नौदल, गावकरी, सगळे पोचले आणि २७ तारखेला सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. पण परवाना काढताना आपण काय काय बोलतो ते आठवा. आणीबाणीत मदत, राष्ट्रसेवा वगैरे. त्या पहाटे मी हातात माइक घेऊन नुसता ऐकत बसलो होतो. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तू का नाही बोलत?" तिला काय सांगणार, दोन बोटांचं काम पान्याने केलं म्हणून?

असो. अडकलेल्या नळीचं काय झालं? मामांनी बाहेरच्या नळीला हॅकसॉने लांबीत दोन चिरा दिल्या, तेव्हा कुठे ती सुटली. आतलीवर ओरखडेच ओरखडे. तेवढा तुकडा कापून टाकला. आता बाहेरच्या नळीच्या तोंडाला चिरा तशाच ठेवून, आतली पॉलिश पेपरने घासून, वरून होज क्लिप आवळायची असं ठरलंय. कडा कानशीने मोडून, जोडाला ग्रीस लावून. व्हर्निअर मामांनी परत नेला. मी नागदेवी स्ट्रीटवरून स्वतःचा आणणार आहे, तोवर कुणाला गच्चीवर यायचं असेल तर या, पण हातोडा घरी ठेवून.

मित्रा, तूही ये. वहिनींना सांग, आई पोहे करणार आहे.