फायबर अंथरले, काचेचे काय?

गावात ‘फायबर’ आले की चर्चा होते ती किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या याची. भारतनेट योजनेचा हिशेबही असाच मांडला जातो. पण त्या केबलच्या पोटात केसाइतका बारीक काचेचा तंतू असतो. तो कसा तयार होतो आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल आपल्याकडे आहे का, हे क्वचितच विचारले जाते. आता ते विचारायला हवे.

ही काच वाळू वितळवून होत नाही. वाळूत लोह, तांबे अशा धातूंचे अंश असतात आणि ते प्रकाश शोषून घेतात. १९६०च्या दशकातील नेहमीच्या काचेतून साधारण वीस मीटर गेल्यावर प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग उरत असे. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकम यांनी दाखवून दिले, की हा दोष काचेचा नाही, तिच्यातील अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर अंतरावर शंभरावा भाग जरी पोहोचला, तरी दूरसंचारासाठी काच वापरता येईल, असे त्यांचे गणित होते. काओ यांना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळाले.

पण इतकी शुद्ध काच आणायची कुठून? उत्तर अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या जुन्या कामात होते. तिथे १९३०च्या दशकात फ्रँक हाइड या रसायनशास्त्रज्ञाने सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ ज्योतीत सोडून अतिशुद्ध सिलिका मिळवली होती. हे द्रव्य सुमारे ५८ अंश सेल्सियसला उकळते. लोह-तांब्याची क्लोराइडे त्या तापमानाला वाफ होत नाहीत, ती मागेच राहतात. म्हणजे वाफ करतानाच गाळणी होते. याच मार्गाने कॉर्निंगच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये काओंची अट पार केली. पुढे बेल लॅब्जमध्ये जॉन मॅकचेस्नी आणि सहकाऱ्यांनी कारखान्याला झेपेल अशी पद्धत बसवली. सिलिकाची नळी फिरती ठेवायची, आतून सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या क्लोराइडांची वाफ प्राणवायूसोबत सोडायची, बाहेरून ज्योत पुढे-मागे न्यायची. आत काचेच्या बारीक कणांची काजळी धरते, उष्णतेने ती वितळून पारदर्शक थर होतो. थरांवर थर चढले की नळी आणखी तापवून भरीव कांडी करतात. तिला ‘प्रीफॉर्म’ म्हणतात. सुमारे दोन हजार अंशांवर तिच्यातून तंतू ओढला जातो. आजच्या चांगल्या तंतूत पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

हाइडच्या प्रयोगाचे दूरसंचारात सोने व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. दोन-तीन वर्षांत ‘उपयोग काय’ असे विचारून पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांचा निधी ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भारत यात अगदी कोरा नाही. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत ही पद्धत अनेक वर्षे अवगत आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज प्रीफॉर्मची काच बनवते. पण केबल बनवणारे कारखाने अनेक आणि काच बनवणारे मोजके, हे चित्र कायम आहे. बाहेरून तंतू आणून त्यावर आवरण चढवणे सोपे. अवघड विद्या प्रीफॉर्ममध्ये आहे.

कच्च्या मालाची बाजू तर आणखी दुबळी. तंतूच्या गाभ्यासाठी लागणारे जर्मेनियम आपण आयात करतो. या धातूचा मोठा उत्पादक असलेल्या चीनने ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काच घट्ट करताना आणि तंतू थंड करताना हेलियम लागतो. तोही जवळजवळ सगळा परदेशातून येतो. स्वस्त आयात तंतूंवर शुल्क लावल्याने कारखान्यांना आडोसा मिळेल, पण त्याने हेलियम किंवा जर्मेनियम मिळणार नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. जर्मेनियम हे जस्त शुद्ध करताना मिळणारे उपउत्पादन आहे आणि काही ठिकाणी कोळशाच्या राखेतही सापडते. आपल्याकडे जस्ताचे मोठे कारखाने आहेत आणि राखेचे डोंगरही, तेव्हा तिथे शोध घ्यावा. तंतू ओढताना वापरलेला हेलियम पकडून पुन्हा वापरण्याची यंत्रणा बसवणाऱ्यांना सवलत द्यावी. आणि सरकारी पैशातून केबल घेताना तिच्यातील काच देशात बनली आहे का, याला वजन द्यावे. यात सुरुवातीला खर्च वाढेल, हे खरे. पण ज्या तंतूवर बँका, रुग्णालये आणि शाळा चालू लागल्या आहेत, त्याची काच कायम दुसऱ्याच्या मर्जीवर मिळवणे याहून महाग पडेल.