नदीतलं सोनं आणि काळी वाळू: खरी अडचण रील संपल्यावर सुरू होते

नदीत उभा राहून परातीत वाळू घोळवणारा माणूस आणि शेवटी तळाशी चमकणारी पिवळी रेघ. अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. 2025 मध्ये सोन्यानं तोळ्याला एक लाखाचा टप्पा ओलांडल्यावर 'आपणही बघावं का?' असं वाटणं साहजिक आहे.

पण त्या पिवळ्या रेघेभोवती एक काळा थर असतो. खरी मेहनत त्याचीच.

ही काळी वाळू काय असते?

साधी वाळू पाण्याच्या साधारण 2.65 पट जड, सोनं 19.3 पट. त्यामुळे सुपात तांदूळ घोळावेत तशी परात हलवली की साधी वाळू वाहून जाते. मॅग्नेटाइट (5.2 पट) आणि इल्मेनाइट (4.7 पट) मात्र सोन्यासोबत तळाशी बसतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दिसते ती काळी वाळू इल्मेनाइटचीच. ती टायटॅनियमसाठी महत्त्वाची आहे, सोन्यासाठी नाही.

सोनं यांच्यापेक्षाही चौपट जड आहे, मग वेगळं का होत नाही? कारण कणाचा आकार. सोन्याचा बारीक, चपटा कण आणि मॅग्नेटाइटचा जाड कण पाण्यात जवळपास एकाच वेगानं खाली जातात. म्हणून आधी वाळू चाळायची, एका मापाचे कण एकत्र घोळायचे. मग ती वाळवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवायचं. मॅग्नेटाइट चिकटतं, इल्मेनाइट बहुतेक तसंच राहतं. ओल्या वाळूत चुंबक खुपसलं तर गुठळ्यांसोबत सोनंही जातं!

मग पारा कुठून आला?

हे सगळं किचकट आहे. पारा ओतला की तो सोन्याला धरतो, काळ्या वाळूला सोडतो. नंतर तो गोळा तापवायचा. पारा उडून जातो, सोनं उरतं. उडालेला पारा आधी तापवणाऱ्याच्या फुप्फुसात आणि पुढे नदीतल्या माशांत जातो. जगात 1 ते 2 कोटी लोक अशा छोट्या खाणकामात आहेत आणि माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत तेच आहे. 2017 मध्ये लागू झालेला मिनामाता करार पाऱ्याला आळा घालण्यासाठीच आहे. भारतही त्यात आहे.

पर्याय आहे का?

आहे, आणि तो आपल्या सोनारांच्या ओळखीचा आहे: सवागी, म्हणजे टाकणखार. फिलिपिन्सच्या बेंगेट भागातले खाणकामगार कित्येक वर्षं उरलेल्या काळ्या वाळूत तो मिसळून वितळवतात. खनिजांची मळी वर राहते, सोनं तळाशी उतरतं. अट एकच. वाळू आधी नीट घोळून अगदी थोडी उरलेली हवी. पारा आळशी घोळण्यावरही चालतो, सवागी चालत नाही. शिवाय प्रत्येक प्रकारच्या खनिजाला ती लागू पडत नाही.

झारखंडच्या सुवर्णरेखेत दिवसभर पाण्यात उभं राहून तांदळाच्या कणाएवढं सोनं काढणाऱ्यांसाठी किंवा सराफ्यातली धूळ धुणाऱ्या आपल्याकडच्या झारेकऱ्यांसाठी यातला वेळेचा हिशोब महत्त्वाचा असतो. चाळण्या-घोळण्यात गेलेल्या तासाचे पैसे त्यांना कुणी देत नाही. पारा तो तास वाचवतो.