ई२० पेट्रोल आणि पार्किंगमधली जुनी पद्मिनी: हिशोब किलोमीटरचा की दिवसांचा?

दसऱ्याला गाडी बाहेर काढायची असं ठरलं होतं आणि गाडी चालूच होईना. आजोबांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी. अकरा वर्षं ती बंद पडून होती. गेली दोन वर्षं मी आणि बाबा शनिवार-रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्यावर काम करतोय. मे महिन्यात ती झकास चालत होती. टाकीत वीस लिटर पेट्रोल भरलं, जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसं कव्हर घातलं आणि आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागलो. ऑक्टोबरमध्ये स्टार्टर मारला तर इंजिन दोन-तीन ठोके घ्यायचं आणि गप्प.

प्लग, पॉइंट, बॅटरी सगळं बघून झालं. शेवटी नळी टाकून टाकी रिकामी केली आणि तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. बरणीत दोन थर दिसले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी. बाबा लगेच म्हणाले, "पंपवाल्याने पाणी मारलंय." मलाही तेच वाटलं. पण वीस लिटरमध्ये खालचा थर तीन लिटरच्या वर निघाला. इतकं पाणी मिसळलं असतं तर गाडी पंपाच्या गेटबाहेरही गेली नसती, आणि आमची तर महिनाभर नीट चालली होती.

कारण मग झाकणाजवळ सापडलं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं आणि चार महिने कव्हरखालून झिरपणारं पावसाचं पाणी थेंबाथेंबाने आत जात होतं. फार तर अर्धा लिटर गेलं असेल. मग तीन लिटर कुठून आलं?

अर्ध्या लिटरचे तीन लिटर

पूर्वीच्या शुद्ध पेट्रोलमध्ये अर्धा लिटर पाणी गेलं असतं तर ते तळाशी अर्धा लिटरच राहिलं असतं. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. ई२० मध्ये मात्र २० टक्के इथेनॉल असतं, म्हणजे माझ्या वीस लिटरमध्ये चार लिटर. इथेनॉलला पेट्रोलही चालतं आणि पाणीही चालतं, पण पाणी जास्त आवडतं. थोडं पाणी आलं तर इथेनॉल ते आपल्यात सामावून घेतं, गाडी चालते, तुम्हाला कळतही नाही. हा खरं तर फायदाच आहे. पण एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासोबत तळाशी जाऊन बसतं. याला फेज सेपरेशन म्हणतात. अर्धा लिटर पाण्याने स्वतःबरोबर काही लिटर इथेनॉल खाली ओढलं, म्हणून थर एवढा मोठा. आणि पेट्रोल ओढणारी नळी टाकीच्या तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो.

हे तुम्हाला घरी बघता येईल. शंभर मिलिलिटरचा खुणा असलेला काचेचा सिलिंडर घ्या, त्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, हलवा आणि थांबा. खालचा थर १० वरून साधारण २८ च्या आसपास गेला तर ती १८ मिलीची वाढ म्हणजे इथेनॉल, म्हणजेच जवळपास २० टक्के. आकडा अगदी काटेकोर येत नाही, पण ई१० आणि ई२० मधला फरक स्पष्ट कळतो. प्रयोग मोकळ्या हवेत करा. स्वयंपाकघरात नको, आणि जवळपास कोणी सिगरेट ओढत नाही ना ते बघा.

बातमी काय आहे, आणि त्यात आपण कुठे आहोत

देशाने पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर ई२० सुरू झालं, आणि २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं लक्ष्य अलीकडे आणून २०२५ मध्येच पूर्ण केलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग ई२० ला टिकतील असे बनवले जातात. त्याआधीच्या गाड्यांचं काय, यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये सोशल मीडियावर रणधुमाळी झाली. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

या भांडणात दोन्ही बाजूंनी भरपूर फेकाफेक झाली. "इंजिन वितळतं" असं सांगणारे व्हिडिओ मीही पाहिलेत. इंजिन वितळत नाही. उलट "काहीच फरक पडत नाही" हेही खरं नाही, कारण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के भाग असा कमी ताकदीचा असेल तर एका लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळणार, हे कॅल्क्युलेटरवरही निघतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी मायलेजमधली घट ६ ते ७ टक्के अशीच दिली आहे.

आणि हो, महाराष्ट्रात बसून इथेनॉलला नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही. माझ्या मामांचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याच्या उत्पन्नात इथेनॉलचा वाटा आहे. सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की या विषयावर मी जरा जपूनच बोलतो.

कार्बोरेटर म्हणजे हार्डकोड केलेला आकडा

नव्या गाडीत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त राहिला तर ईसीयूला कळतं की पेट्रोल कमी पडतंय, आणि तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. हा फीडबॅक लूप सतत चालू असतो. म्हणून दहा वर्षं जुनी इंजेक्शनवाली गाडीसुद्धा ई२० बऱ्यापैकी सांभाळून घेते.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर सोलेक्सचा कार्बोरेटर आहे. त्याला सेन्सर नाही, मेमरी नाही. पितळेच्या छोट्या जेटला एक भोक आहे आणि त्या भोकातून जेवढं येईल तेवढं पेट्रोल. कोणीतरी कधीतरी फॅक्टरीत तो आकडा ठरवला आणि कोडमध्ये तसाच लिहून टाकला असं समजा. आता खालचं इंधनच बदललं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट, आणि ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई२० आठ-नऊ टक्के जास्त लागतं, पण भोक तेवढंच आहे. परिणामी मिश्रण लीन होतं. गाडी थंडीत उशिरा चालू होते, अॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर गचकते, चढावर दम टाकते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

यावर उपाय आहे आणि तो घरी करता येतो. जेटमधून येणारं इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, त्यामुळे आठ टक्के वाढ हवी तर व्यास चारच टक्के वाढवायचा. जेटवर १२० असा आकडा असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं असतं. त्याजागी १२५ चा जेट लावला की झालं. ड्रिलने भोक मोठं करायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो होतो. भोक वाकडं झालं आणि गाडी काळा धूर ओकायला लागली. जेट बदलल्यावर चार-पाच किलोमीटर जोरात चालवून प्लग काढून बघा. पांढुरका असेल तर अजून लीन आहे, काळी काजळी असेल तर जास्त झालं, फिकट तपकिरी असेल तर बरोबर. आयडलचा स्क्रू मात्र पीयूसीच्या मशीनसमोरच जुळवा, कानाने जुळवलेला बहुतेक वेळा जास्त सैल सोडला जातो.

सरकारी खुलाशांमध्ये ई२० चा ऑक्टेन ९५ आहे, त्याने गाडी चांगली पळते असंही म्हटलं जातं. हाय कॉम्प्रेशनच्या नव्या इंजिनांसाठी ते ठीक आहे. पद्मिनीचं कॉम्प्रेशन आठच्या आसपास. तिला त्या जादा ऑक्टेनचा उपयोग शून्य.

रबराला किलोमीटर कळत नाहीत

आता माझा मूळ मुद्दा. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्टमध्ये खुलासा केला त्यात असं होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये रबरी भाग आणि गॅस्केट २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर बदलावे लागतील, आणि ते स्वस्तात होतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी हे मोजमाप योग्य आहे. माझी पद्मिनी वर्षाला फार तर आठशे किलोमीटर चालते. त्या हिशोबाने मला पहिला पाइप बदलायला पंचवीस वर्षं आहेत.

प्रत्यक्षात तो चौदा महिन्यांत गेला. पंप आणि कार्बोरेटरमधला साधा काळा पाइप हातात घेतला तर फुगून मऊ पडला होता, दाबला की बोटाला काळं लागत होतं. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम ताठ होऊन कडेला चिरला होता. फ्लोटच्या भांड्यात पांढरी पूड जमली होती, कारण जुन्या कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि पाणी खाल्लेलं इथेनॉल तिला गंजवतं. गाडी चालत असते तेव्हा इंधन सतत बदलतं, नवं येतं. उभी असते तेव्हा तेच पेट्रोल तोच पाइप, तेच रबर आठवडेच्या आठवडे भिजवत राहतं, वर हवेतला ओलावा ओढतं. हे सगळं दिवसांवर मोजायला हवं.

गंमत म्हणजे रोज धावणारी पद्मिनी आता जवळजवळ उरलेलीच नाही. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ ला त्या रस्त्यावरून गेल्या. ज्या उरल्या त्या आमच्यासारख्यांच्या पार्किंगमध्ये, कव्हरखाली. म्हणजे ज्या अवस्थेत हे इंधन सगळ्यात जास्त त्रास देतं, नेमक्या त्या अवस्थेत.

नाना पेठेत पाइप शोधायला गेलो तर तीन दुकानांत तोच जुना काळा पाइप पुढे केला. चौथ्या दुकानातले काका म्हणाले, "अरे, तो नको घेऊ, सहा महिन्यांत परत येशील. इंजेक्शनच्या गाडीचा घे." इंजेक्शनच्या गाड्यांसाठीचा, आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असलेला पाइप इथेनॉलला टिकतो. त्याच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. पाइप, व्हायटॉनच्या टोकाची फ्लोट नीडल, डायफ्रामचं किट, झाकणाचं रबर, दोन फिल्टर, हे सगळं मिळून मला अडीच हजारांच्या आत पडलं. फिल्टर दोन यासाठी की इथेनॉल टाकीत चाळीस वर्षं साचलेला चिकट थर सोडवतं आणि पहिला फिल्टर लगेच तुंबतो.

ना नवी, ना व्हिंटेज

पैशाचा दुसरा भाग आरटीओचा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंतर नूतनीकरण ५,०००. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी नेता येते. आमची गाडी तिथे पोहोचेल २०३७ मध्ये. तोपर्यंत ती नुसती 'जुनी गाडी'. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी ५,००० वरून १०,००० झाली, आणि ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. २०३७ पर्यंत आम्हाला ते आणखी दोनदा करावं लागेल. वर्षाला आठशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीने किती प्रदूषण केलं, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई१० आणलं तेव्हा महागड्या 'सुपर' पेट्रोलमध्ये ई५ चालू ठेवलं, आणि गाडीचा मेक टाकला की ई१० चालेल की नाही हे सांगणारी सरकारी वेबसाइट दिली. लिटरमागे जास्त पैसे मोजून पर्याय घ्यायची आमची तयारी आहे. आपल्याकडे प्रत्येक पंपावर वेगळी टाकी ठेवा असं मी म्हणणार नाही, ते खर्चिक आहे. पण कोणत्या मॉडेलला कोणता पाइप, कोणतं गॅस्केट लागेल एवढी यादी प्रसिद्ध करायला टाकी लागत नाही. तसली वेबसाइट दोन डेव्हलपर महिनाभरात बनवतील, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

तोवर आमच्या घरचा नियम असा झालाय. टाकीत पाच लिटरच्या वर पेट्रोल भरायचं नाही. दर दुसऱ्या रविवारी वीस-पंचवीस किलोमीटर चक्कर, नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवणं नाही. पावसाळ्याआधी टाकी आणि फ्लोटचं भांडं पूर्ण कोरडं करायचं. बाबांना पाच लिटरचा नियम अजून पटलेला नाही. टाकी रिकामी असलेली गाडी अपशकुनी असते असं आजोबा म्हणायचे म्हणे. १२५ चा जेट आलाय, येत्या रविवारी बसवणार आहे, आणि सोमवारी पीयूसी.